कपाचा कान

"यांना जर्मन येतं?"

"नाही."

"डॅनिश?"

"अजिबात नाही."

"शिकायची इच्छा?"

माझी मुलगी शलाका माझ्याकडे वळली. "बाबा, शिकायचंय का म्हणून विचारतायत." मी म्हटलं, बोलायला शिकायचं तर आता वय उलटलं आणि गप्प बसायला मी मराठीतच शिकलेलो नाही. तिने याचं भाषांतर एका शब्दात उरकलं.

"उत्तम!" विब्केबाई म्हणाल्या. "मग घंटा यांच्याकडेच द्या."

आणि शाळेत असते तशी मुठीची पितळी घंटा माझ्या हातात आली.

गोष्ट दोन हजार अकरा सालची. मी निपाणीचा. पस्तीस वर्षं एका साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवायचं सदर चालवलं आणि संपादकांची टोपी उडाल्यावर निवृत्त झालो. शलाका पवनचक्क्यांची इंजिनियर, नोकरी फ्लेन्सबुर्गला. हे जर्मनीचं वरचं टोक. गावाबाहेर पडून जरा चाललं की डेन्मार्क. "बाबा, हासुद्धा सीमाभागच आहे," असं तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी मोठ्या उत्सुकतेने तिकीट काढलं. आयुष्य सीमाभागात गेलेला माणूस. पोचल्यावर तीन दिवस गावभर हिंडून डांबर फासलेली एक तरी पाटी सापडते का बघत होतो. पाट्या दोन्ही भाषांत, आणि पुसून लख्ख केलेल्या. डेन लोक इकडे स्वस्त बिअर न्यायला येत, जर्मन लोक तिकडे वाळूत पाय पसरायला जात. सीमाभागाची इतकी नासाडी मी कुठे पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी मी शलाकाच्या शेजाऱ्यांच्या नकला करायला लागलो, तेव्हा तिने मला या मंडळात आणून सोडलं.

मंडळाचं काम सोपं. बंदरालगतच्या एका जुन्या गोदामाच्या माडीवर दर गुरुवारी चार वाजता वीसेक माणसं जमत. एक जर्मन, एक डॅनिश अशा जोड्या. विषयाची चिठ्ठी निघे. अर्धा तास जर्मनमध्ये बोलायचं, घंटा झाली की अर्धा तास डॅनिशमध्ये. भिंतीवर नियमांचा फलक होता. त्यातला शेवटचा नियम शलाकाने मला मुद्दाम वाचून दाखवला, कारण तो मला घरी लागू करायची तिची इच्छा होती: बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, त्याचं कितीही लांबलं तरी.

आधी घंटा वाजवणारे गृहस्थ जर्मन होते. ते जर्मनला दोन मिनिटं जास्त देतात अशी कुजबुज झाली. मग एक डॅनिश बाई नेमल्या, तर त्या तीन मिनिटं जास्त देऊ लागल्या. विब्केबाई, म्हणजे मंडळाच्या चिटणीस, निवृत्त भूमापक होत्या. त्यांना निःपक्षपाती माणूस हवा होता. दोन्ही भाषांत सारखाच अडाणी असा सबंध फ्लेन्सबुर्गात मी एकटा सापडलो. पस्तीस वर्षांत माझ्या निःपक्षपातीपणावर विश्वास टाकणारी ही पहिली संस्था.

भाषा कळत नसली की माणूस चेहरे वाचतो. मी उंच स्टुलावर बसून दर गुरुवारी तासभर चेहरे वाचत असे. पहिल्याच गुरुवारपासून माझी नजर खिडकीजवळच्या जोडीवरच राहू लागली.

जर्मन बाजूला डेटलेफ. सत्तरीचा, बोटीच्या इंजिनघरात जन्म काढलेला, हात फावड्यासारखे. समोर बोडिलबाई. त्याही सत्तरीच्या, पाठ ताठ. या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली डॅनिश घरं आहेत, त्यातल्या. तीस वर्षं खेड्यापाड्यांतून पुस्तकांची बस चालवलेली. त्यांचं जर्मन अर्थातच पक्कं होतं, पण मंडळाला डॅनिश माणसं कमी पडत म्हणून त्या येत. आल्यासारखं कॉफीही त्याच देत. प्रत्येकासमोर कप ठेवताना कान उजव्या हाताकडे येईल असा ठेवत. फक्त डेटलेफचा कप ठेवला की दोन बोटांनी फिरवून त्याचा कान पलीकडे करत. दर गुरुवारी, न चुकता. डेटलेफ बिचारा तो कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा, थंडीत शेकोटी धरावी तसा. मी मनात म्हटलं, या बाईने या माणसावर डूख धरलाय.

दुसरी गोष्ट हसण्याची. डॅनिशच्या अर्ध्या तासात बोडिलबाई कधी काही गमतीचं बोलल्या, की बाकीचे जर्मन विद्यार्थी आधी गोंधळत, मग कुणीतरी समजावून सांगे, मग हसत. डेटलेफच्या मिशा मात्र वाक्य संपायच्या आत हलायच्या. मग तो घाईघाईने कपाळाला आठ्या घालून न कळल्याचं सोंग आणायचा. विनोदाच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला इतर काही कळो न कळो, कोण कधी हसला एवढं कळतं.

मंडळ सुटलं की आम्ही दोघं बंदराच्या बाकावर बसत असू. त्याला बोटीवरचं इंग्रजी येत होतं, मला निपाणीचं. इंग्रजीत अहो-अरेची भानगड नाही. मी मराठीत सांगताना त्याला अरे-तुरे करतो, तो कुठे ऐकायला येतोय. तो मात्र मला 'बॉम्बे' म्हणायचा, कारण तरुणपणी त्याची बोट तिथल्या गोदीत सोळा दिवस अडकली होती.

"मी बॉम्बेचा नाही. निपाणीचा."

"जवळ आहे?"

"तुझ्या पाइपातला तंबाखू आमच्या शेतातून गेलेला असू शकतो, इतकं."

"मग तू शेजारीच," म्हणून त्याने पाइप पेटवला. मी बरा मुहूर्त बघून विचारलं, "डेटलेफ, तुला डॅनिश कधीपासून येतं?"

त्याने काडी विझवली.

"कुणी सांगितलं?"

"तू वेळेवर हसतोस."

"इतर कुणाला कळलंय?"

"इतर सगळे भाषेकडे लक्ष देतात."

मग त्याने सांगितलं. युद्ध हरल्यानंतरची वर्षं. बाप रशियात कैदेत. घरात उकडलेले सलगम. डेन्मार्कहून इथल्या डॅनिश शाळेत मदत यायची, तिथे पोरांना दूध मिळे आणि शनिवारी घरी न्यायला खारवलेल्या चरबीचा तुकडा. आईने सात वर्षांच्या डेटलेफला त्या शाळेत घातला. वर्षभरात पोरगं डॅनिशमध्ये स्वप्नं बघू लागलं. बाकावर शेजारी बोडिल.

"मग बाप परत आला. चाळीस किलोचा. दारात उभं राहून पहिला प्रश्न, हा कुठल्या शाळेत जातो? दुसऱ्या दिवशी मी जर्मन शाळेत."

"एवढंच?"

"एवढंच असतं तर मी दोन वर्षं या मंडळात केक खायला आलो असतो का? पोटासाठी डेन झालेल्यांना गाव चरबी-डेन म्हणायचं. नव्या शाळेतली पोरं कोपऱ्यावर उभी राहायची, आणि डॅनिश शाळेचं पोर दिसलं की ओरडायची. एक दिवस बोडिल आली. तिचं घर खरं डॅनिश, चरबी येण्याच्या शंभर वर्षं आधीपासून. पण पोरांना त्याचं काय."

"तूही ओरडलास."

"सगळ्यात मोठ्याने. मी काय खाल्लंय ते कुणाला आठवू नये म्हणून. तिने वळून पाहिलं, बॉम्बे. बाकीच्यांकडे नाही. माझ्याकडे."

पाणकावळे बोटींच्या दोरांवर बसले होते. मी म्हटलं, "मग सांगून टाक की. जर्मनमध्ये सांग. तिला तुझ्याइतकंच येतं."

"ओरडलो जर्मनमध्ये. दूध प्यालो ते डॅनिशमध्ये. ज्या भाषेत प्यालो त्याच भाषेत सांगायला नको?" तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी वाक्यं पाठ करून जिना चढलो होतो. ती समोर आली. तिने विचारलं, तुम्हाला डॅनिश येतं? आणि मी म्हणालो, नाही, शिकायचंय."

"अरे देवा."

"तेव्हापासून चुका करतोय. चुका करणं फार कष्टाचं काम आहे. येत असलेली भाषा वाईट बोलायची म्हणजे… दर बुधवारी पंधरा चुका तयार करतो. गेल्या महिन्यात संपल्या. जुन्याच परत वापरल्या."

मला हसू येत होतं, पण त्याच्या मिशा हलत नव्हत्या, म्हणून मी आवरलं. कपाच्या कानाचं मात्र त्याला सांगितलं नाही. बाईने ओळखलंय आणि सूड म्हणून कान फिरवतेय, हे सांगून काय मिळवायचं?

पुढच्याच आठवड्यात विब्केबाईंनी जाहीर केलं की बोडिलबाई घर विकून डेन्मार्कात आल्बोर्गला मुलाकडे राहायला चालल्यात. अजून दोन गुरुवार. पहिल्या गुरुवारी डेटलेफ म्हणाला, सर्दी झालीय, पुढच्या वेळी सांगतो. म्हणजे उरला एकच.

त्या दिवशी तो टाय लावून आला. विब्केबाईंनी चिठ्ठी काढली. विषय: सायकलची दुरुस्ती.

डेटलेफने माझ्याकडे पाहिलं. सायकलच्या दुरुस्तीपासून एकोणपन्नास सालापर्यंत रस्ता कसा काढायचा, हा प्रश्न त्याच्या कपाळावर सगळ्या भाषांत लिहिला होता.

जर्मनचा अर्धा तास झाला. मी घंटा वाजवली. डॅनिश सुरू. डेटलेफने हवेत पेडल फिरवायला सुरुवात केली. पाच मिनिटं पेडल. मग हाताने पंपाने हवा भरली. मग साखळी बसवली, बहुतेक चुकीची, कारण बोडिलबाईंनी ती सुधारली. वीस मिनिटं गेली. विब्केबाई जोड्यांमधून फिरत विषय पाळला जातोय का ऐकत होत्या, आणि त्या जवळ आल्या की डेटलेफ दुप्पट वेगाने पेडल मारी. पंचवीस मिनिटं. बोडिलबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्या पिशवीतून प्रवासाचा थर्मास डोकावत होता. अठ्ठावीस. डेटलेफ ब्रेक आवळत होता. मी स्टुलावरून मनातल्या मनात ओरडत होतो, अरे उतर की आता सायकलवरून!

एकोणतिसाव्या मिनिटाला त्याचे हात थांबले. त्याने ते टेबलावर ठेवले, पालथे. आणि बोलायला लागला.

शब्द मला कळत नव्हते. पण तो अडखळत नव्हता, एवढं कळत होतं. पंधरातली एकही चूक तो करत नव्हता. लहान पोराला पाठ म्हणताना असतो तसा आवाज, सरळ, जरा वरच्या पट्टीत. बोडिलबाईंच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

तीस मिनिटं झाली.

विब्केबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी रुमाल काढून घंटा पुसू लागलो. एकतीस. त्यांनी बोटाने घड्याळावर टकटक केलं. मी घंटा उलटी करून लोलक तपासला. बत्तीसला त्या माझ्या दिशेने निघाल्या, हात पुढे करून, घंटा घ्यायलाच. खोलीतली माणसं मान वळवू लागली. आता दोन पावलं, आणि एका म्हाताऱ्याची साठ वर्षं सायकलच्या दुरुस्तीत संपणार होती.

माझी नजर भिंतीवरच्या फलकावर गेली.

"बाई," मी उभा राहून मराठीत म्हणालो, "जरा दमानं घ्या."

विब्केबाई जागच्या जागी थांबल्या. घंटा हाती आल्यापासून मंडळात मी प्रथमच तोंड उघडलं होतं. त्यांनी हात मागे घेतला, मान जराशी तिरकी केली आणि अतिशय लक्षपूर्वक ऐकू लागल्या. नियम म्हणजे नियम.

मग मी थांबलो नाही. मी त्यांना निपाणी सांगितली. तंबाखूच्या हंगामात गावभर येणाऱ्या शिंका सांगितल्या. आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पाट्यांना डांबर फासणारा रंगारी एकच होता, आणि निवडणुका आल्या की तो घराला माडी चढवायचा, हेही सांगितलं. "आणि बाई, तो दिसतोय ना खिडकीपाशी, मागे वळू नका, तो गेली दोन वर्षं तुम्हाला फसवतोय, फार चांगला माणूस आहे." विब्केबाई मान डोलावत होत्या. मध्ये त्यांनी सगळं कळल्यासारखा हुंकारही दिला. पस्तीस वर्षं लिहिलं, पण असा वाचक लाभला नाही.

त्यांच्या खांद्यावरून मला खिडकी दिसत होती. डेटलेफचं बोलणं संपलं होतं. तो टेबलाकडे बघत होता. मग बोडिलबाईंनी आपल्या समोरचा कप दोन बोटांनी फिरवला, कान पलीकडे केला, आणि तो दोन्ही तळव्यांत उचलून धरला. प्याल्या नाहीत. नुसता धरून बसल्या, डेटलेफ वर बघेपर्यंत.

त्याने वर पाहिलं, आणि त्या टायवाल्या माणसाचा चेहरा पार मोडला.

मी म्हटलं, "तर बाई, असं आहे सगळं," आणि घंटा वाजवली. पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

बंदराकडच्या उतारावर डेटलेफ माझ्या पुढे दोन पावलं चालत होता आणि नाक शिंकरत होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. निघताना म्हणाली, सायकल सांभाळून चालव." तो थांबला. "पण तू पाहिलंस? कप कसा धरला?"

"पाहिलं. कळलं नाही."

"शाळेत पेले नव्हते, बॉम्बे. डबाबंद मटणाचे रिकामे डबे. त्यात गरम दूध. डब्याला कुठला आलाय कान? सगळी पोरं दोन्ही तळव्यांत धरायची. मला ती सवय सुटली नाही. बायको शेवटपर्यंत हसायची." त्याने फावड्यासारखे हात ओंजळीसारखे जोडून दाखवले. "तिने आज तसा धरला. म्हणजे तिला कळलं, मी कोण ते. आज तरी कळलं."

मी रस्त्यातच उभा राहिलो.

"डेटलेफ, तुझा कप रोज कोण ठेवतं?"

"विब्के."

"विब्के केक देते. कॉफी बोडिलबाई देतात. सगळ्यांच्या कपाचा कान हाताकडे. तुझा तेवढा फिरवून पलीकडे, तळव्यांच्या आड येऊ नये असा. मी आलो त्या पहिल्या गुरुवारपासून पाहतोय."

त्याने तोंडातला पेटता पाइप काढून हातात घेतला.

"पहिल्या?"

"त्याच्या आधीचं मला माहीत नाही. ते तिलाच विचार."

"म्हणजे माझ्या चुका…"

"दर आठवड्याला पंधरा. न हसता सुधारल्या त्या बाईने."

त्याने पाइप माझ्या हातात कोंबला, टोपीही दिली, का कुणास ठाऊक, आणि उलटा वळून चढावर पळत सुटला. सत्तरीचा माणूस, टाय खांद्यावर उडतोय. मी त्याच्या मागे धावायच्या भरीला पडलो नाही. खाली उभं राहून पाहिलं. वरच्या बसथांब्यावर बोडिलबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला, बाकाच्या एका टोकाला, जागा सोडून. बस आली, थांबली, गेली. बाकावर दोघं तशीच. जागा मात्र आता सुटलेली नव्हती. दुसरी बस आली, तीही गेली. तिसरीच्या वेळी पाइप विझला, म्हणून मी घरी आलो.

पुढच्या गुरुवारी माझी चौकशी झाली. शलाका दुभाषी.

"डॅनिशला सात मिनिटं जास्त का दिली?"

"मी बोलत होतो. बोलताना घंटा कशी वाजवणार?"

"काय बोलत होतात?"

"बाबा, काय बोलत होतात?"

"सीमाभागाचा इतिहास," मी म्हटलं.

विब्केबाईंनी ते मान्य केलं. खूप भावना होती, असंही म्हणाल्या. पण निःपक्षपातीपणा गेला तो गेलाच. त्यांनी आदराने हात पुढे केला, आणि मी घंटा ठेवून दिली. पक्षपाताचा आरोप माझ्यावर आयुष्यात शेकडो वेळा झाला. खरा ठरला तो एवढाच.

डेटलेफसमोर त्या दिवशी आल्बोर्गहून आलेलं कार्ड उभं केलेलं होतं आणि एक नवी डॅनिश मुलगी बसली होती. त्याने आपला कप आपणच फिरवला. डॅनिशचा अर्धा तास सुरू झाला तसा तो बोलायला लागला, सुरळीत, पाण्यासारखा, कारण आता चुका तयार करून न्यायचं काही कारण उरलं नव्हतं. ती मुलगी पाहतच राहिली. विब्केबाई जवळ गेल्या, पाच मिनिटं ऐकत उभ्या राहिल्या, आणि लगबगीने टेबलाशी येऊन काहीतरी लिहू लागल्या.

त्या वर्षीच्या अहवालात ते छापून आलं. शलाकाने मला वाचून दाखवलं. दोन वर्षं काहीच प्रगती न झालेल्या एका ज्येष्ठ सदस्याला फक्त सात मिनिटांच्या जादा सरावानंतर एका आठवड्यात अस्खलित डॅनिश येऊ लागलं, हे लक्षात घेऊन मंडळाने दोन्ही भाषांचा वेळ तीस मिनिटांवरून सदतीस केला आहे.

डेटलेफ आता नाही. बोडिलबाईही नाहीत. शलाका अजून तिथेच आहे. ती म्हणते, बाबा, नवीन येणारे विचारतात, सदतीसच का? कुणालाच माहीत नाही. पण घंटा बरोबर सदतिसाव्या मिनिटाला होते.